मदत हवी आहे: होडीची बॅटरी आणि मोटरचं सील

नमस्कार मंडळी. राहायला सोलापुरात, पण रविवारी उजनीच्या बॅकवॉटरला, करमाळ्याच्या बाजूला, मरळ धरायला जातो. बारा फुटी फायबरची होडी आणि १२ व्होल्टची इलेक्ट्रिक मोटर आहे.

पहिली अडचण बॅटरीची. सध्या गाडीची जुनी बॅटरी लावलीय. घरून निघताना मीटरवर १२.६ दाखवते, तासाभरात मोटर कण्हायला लागते. परवा तर वारा सुटला आणि वल्हं मारत काठ गाठला, दंड अजून दुखतायत. गाडीची बॅटरी स्टार्टरला क्षणभर जोर द्यायला असते, तासन्‌तास करंट द्यायला नाही, हे आता कळलं. घरातली इन्व्हर्टरची ट्युब्युलर टाकू का? ती ५० किलोच्या वर भरते, शिवाय होडी कलली की ॲसिड सांडायची धास्ती. (बायकोचा विरोध वेगळाच, उन्हाळ्यात लाईट गेली की कळेल म्हणते.) सीलबंद डीप सायकल बॅटरी (बराच वेळ सलग करंट देणारी) कुणी वापरतंय का? किती ॲम्पिअर-तासाची पुरते?

दुसरं, मोटरचा पाण्यातला पंखा काढला तर मागे शाफ्टवर कुणाच्या तरी फाटक्या जाळ्याचा तंगूस केसासारखा घट्ट गुंडाळलेला. ब्लेडने कापून काढला, पण सीलच्या कडेला दुधाळ ग्रीस दिसतंय. म्हणजे पाणी आत गेलंच ना? हे सील सोलापुरात बेअरिंगच्या दुकानात मापाने मिळेल, की पुण्याहून मागवावं लागेल?

गळाच्या रिळात वाळू गेलीय, ती मी रॉकेलने धुऊन घेतो. बाकीचं सांगा.