भाच्याची आयटीआय, आणि जर्मनी चांगलं की स्वित्झर्लंड?

रावपुरेकर:
भाच्याला दहावीनंतर आयटीआय फिटर करायचंय आणि घरात सगळे नाराज, पुढे डिग्रीचं काय हा एकच प्रश्न. अशा वेळी कंपनीत काम करत शिकण्यासाठी सगळे जर्मनीचं उदाहरण देतात पण मला शेजारचं स्वित्झर्लंड जास्त पटतं. तिथे साधारण दोन तृतीयांश पोरं कंपनीशी करार करून काम शिकायला लागतात, आठवड्यातून एक-दोन दिवस शाळा, बाकी दिवस कामावर, आणि १९९४ पासून त्याबरोबरच बेरूफ्समाटुरिटेट नावाची परीक्षा देता येते, ती पास झालं की आपल्या विषयाच्या उपयोजित विद्यापीठात ॲडमिशन. यूबीएस बँकेचे सीईओ सर्जियो एर्मोटी बँकेत अप्रेंटिस म्हणूनच लागले होते. जर्मनीत बहुतेक राज्यांत चौथीनंतरच अभ्यासातल्या हुशारीप्रमाणे पोरांच्या शाळा वेगळ्या होतात, दहा वर्षांच्या पोराचं काय कळतं हो कोणाला?

स्टुटगार्टहून परत:
नाही पटलं. स्वित्झर्लंडमध्येही गिम्नाझियमची, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेची, परीक्षा पास होऊन निघणारं पोर पाचातलं एखादंच, म्हणजे चाळणी तिथेही आहेच. आणि जर्मनीत रस्ता बंद होतो हे जुनं झालं, २००९ पासून माइस्टर, म्हणजे वरची परीक्षा पास झालेला उस्ताद कारागीर, झालेल्याला विद्यापीठाचे दरवाजे उघडे आहेत, त्यांच्या पात्रतेच्या यादीत माइस्टर आणि बॅचलर एकाच पायरीवर, सहाव्या. मला तर हीच गोष्ट मोठी वाटते, कारागिराला मान मिळवायला डिग्री घ्यावी लागत नाही!

मकरपुरा जीआयडीसी:
माझं छोटं जॉब वर्कचं युनिट आहे. परवा एक मुलगा आला, दोन वर्षांचं फिटरचं सर्टिफिकेट, त्याला वर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची सरकती पट्टी, दिला आणि बुशचं, म्हणजे धातूच्या छोट्या नळीचं, माप घ्यायला सांगितलं, तर तो मेन स्केल वाचून थांबला, खालची कुठली रेघ वरच्या रेघेशी जुळते ते बघायचं असतं हे त्याला कोणी दाखवलंच नव्हतं. पोरगा हुशार, दहा मिनिटांत शिकला, पण दोन वर्षं गेली ना त्याची. जर्मनीत परीक्षेला मालकांचा, कामगारांचा आणि शाळेचा असे तिन्हीकडचे परीक्षक बसतात, असं पोर तिथे पास झालंच नसतं. आणि स्वित्झर्लंडमध्ये छोट्या दुकानात सगळी मशिनं नसतात म्हणून मालकांच्या संघटना वेगळे कोर्स चालवतात, ते आम्हा छोट्यांना हवंय.

कलाभवनची माजी विद्यार्थिनी:
दादा, मालक शिकवतील यावर माझा विश्वास नाही. माझ्या भावाने अप्रेंटिस म्हणून वर्षभर माल उचलला, मशिनला हात लावू दिला नाही. आपला अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे, पण कारखान्यात जाऊन बघतं कोण? सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन काढलं ते हाताला काम शिकवायला, आज तिथे इंजिनिअरिंगची डिग्री मिळते, मीही तीच घेतली. लोक डिग्रीमागे उगाच धावत नाहीत, पगार आणि सोयरीक दोन्ही त्यावर ठरतात.

मकरपुरा जीआयडीसी:
ताई, भावाबरोबर झालं ते चूकच. रावपुरेकर, भाच्याला शनिवारी पाठवा, वर्नियर त्याच्या हातात देतो.

रावपुरेकर:
पाठवतो. पण डिग्रीची वाट उघडी राहायला हवी, यावर मी ठाम आहे.