कटआउट बदलण्याआधी अर्थिंग बघा

जुन्या गाड्यांत डायनॅमो बॅटरी चार्ज करतो, आणि कटआउट म्हणजे डायनॅमोला बॅटरीशी आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच; तो रेग्युलेटरच्या (व्होल्टेज ताब्यात ठेवणाऱ्या भागाच्या) बॉक्समध्येच असतो. 'डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा दिवा विझत नाही म्हणजे कटआउट गेला, बॉक्सच बदला' असं एकाने म्हटलंय. घाई होतेय. आधी डायनॅमो तपासा: त्याच्या डी (आउटपुट) आणि एफ (फील्ड) टर्मिनलांच्या वायरी काढा, ती दोन्ही टर्मिनलं तारेच्या तुकड्याने जोडा आणि व्होल्टमीटर तिथून बॉडीला लावा. हळूहळू रेस द्या. काटा सरसर वर गेला तर डायनॅमो ठणठणीत. वीस व्होल्टच्या पुढे मात्र ताणू नका. काटा अगदी खालीच अडकला तर डायनॅमोची फील्ड कॉइल किंवा ब्रश बघा.

माझ्या गाडीत डायनॅमो उत्तम होता, तरी बॅटरी उतरायची. गंमत म्हणजे रेस वाढवली की दिवा आधी मंद व्हायचा, मग उलट जास्तच पेटायचा. दोन रविवार गेले त्यात! शेवटी कळलं, रंगकाम करताना रेग्युलेटरच्या ई (अर्थ, म्हणजे बॉडीला जोडायच्या) वायरीखालच्या पत्र्यावरही रंग बसला होता. अर्थ नाही, म्हणून कटआउट ओढणाऱ्या शंट कॉइलला करंट नाही, म्हणून तो जोडलाच जात नव्हता. पॉलिश पेपरने नाण्याएवढी जागा घासली, स्क्रू आवळला, अॅमीटर लगेच चार्जकडे झुकला. नवा बॉक्स आणून ठेवला होता, तो अजून खोक्यातच आहे.