वरून ठणठणीत, आत भलतंच! भूभूंच्या छुप्या जंतांचे अनुभव लिहा

सांजवारा
शेजारचं पिल्लू आज फरशीवर ढुंगण घासत फिरत होतं, आणि आमची रमा आठवली. दिवसभर दंगा, वाडगा चाटूनपुसून साफ, केस चकचकीत. नसबंदीआधी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन बरंच खाली! डॉक्टरांनी तिचा ओठ वर करून हिरडी अंगठ्याने दाबली आणि सोडली. पांढरा ठसा भरायला वेळ लागला, भरला तोही फिकट. शी तपासल्यावर हुकवर्मची अंडी सापडली. हे आतड्याला चावा घेऊन रक्त पितात. रक्त हळूहळू कमी होत गेलं की मोठं कुत्रं त्याला सरावतं, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही म्हणे. ऑपरेशन पुढे ढकललं, औषधं झाली, आता बाईसाहेब मजेत. तुमच्याकडे असं काही घडलंय का?

पिंपळपान
टेपवर्म!! काळ्या चादरीवर तीळ सांडलेत वाटलं, झटकायला गेले तर त्यातला एक हलला. 🙈 त्याच आठवड्यातला शीचा रिपोर्ट स्वच्छ होता हं. ते तीळ म्हणजे जंताचे सुटलेले तुकडे. अंडी त्या तुकड्यांत बंद असतात, शीत सगळीकडे मिसळत नाहीत, त्यामुळे तपासणीत निसटतात. गोळीने गेला आणि परत आला. कारण पिसवा. अंग चावताना पिसू गिळली जाते, तिच्या पोटात टेपवर्मची अळी. पिसवांचा बंदोबस्त केल्यावरच सुटका झाली.

खवचट_काका
जेवता जेवता धागा उघडला. आभारी आहे.

पिंपळपान
काका, शीर्षक वाचूनच आत आलात ना? 😂

तिसरी_घंटा
सांजवारा, ढुंगण घासणं बहुतेक वेळा गुदग्रंथी भरल्यामुळे असतं, जंतांमुळे क्वचित. शेजाऱ्यांना सांगा.

निशाचर
आमच्याकडे दोघं. धाकटीला जुलाब, थोरला एकदम फिट. तिची औषधं झाली की बरी, पुन्हा तेच. शेवटी दोघांची शी तपासली. थोरल्याची पहिल्या वेळी निल, नंतरच्या नमुन्यात जिआर्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी). हा जिआर्डिया शीतून रोज बाहेर पडतोच असं नाही, म्हणून वेगवेगळ्या दिवसांचे नमुने द्यायचे. म्हणजे साहेब स्वतः मजेत आणि बहिणीला प्रसाद वाटत होते. औषधाबरोबर दोघांना आंघोळ पण घालायला सांगितली, शेपटीखालच्या केसांना चिकटलेलं परत चाटलं जातं. थोरल्याला आंघोळ म्हणजे काय प्रकरण आहे ते वेगळ्या धाग्यात लिहीन.

रानवाट
घरात रांगतं बाळ आहे, हे सगळं वाचून पोटात गोळा आला. कुत्र्याला दूर ठेवू का?

तिसरी_घंटा
दूर नको. शी लगेच उचला. राउंडवर्मची अंडी बाहेर पडल्या पडल्या लागण करत नाहीत, मातीत काही आठवडे मुरावी लागतात. पण एकदा मुरली की वर्षानुवर्षं टिकतात. बाळाचे हात धुवा, माती तोंडात जाऊ देऊ नका. आणि लहान पिल्लू असेल तर जंताचं औषध वेळच्या वेळी. राउंडवर्म आईच्या पोटातच मिळतात, हुकवर्म दुधातून. पिल्लू कितीही गोंडस दिसो.

रानवाट
हुश्श. पिल्लू नाही, पाच वर्षांचा घोडा आहे. धन्यवाद.

मनमोर
आमच्या शेरूला हार्टवर्म (हृदयातला जंत) होता. खोकला सुरू झाला तेव्हा उशीर झाला होता. त्याआधी डोंगर चढायचा माझ्या पुढे. जास्त नाही लिहवत.

सांजवारा
मनमोर 🫂

निशाचर
मनमोर, वाईट वाटलं. शेरूचे फोटो टाकले होतेस ना मागे? पाण्यात उभा असलेला?

मनमोर
हो तोच. कान ओले करून घरभर झटकायचा.

तिसरी_घंटा
इतरांसाठी: हार्टवर्म डासांतून येतो. चावल्यापासून पूर्ण वाढायला सहा-सात महिने. नेहमीच्या अँटिजेन चाचणीत (रक्ताची) लागण पूर्ण वाढलेल्या मादी जंतावरून कळते, फार लवकर केली तर निगेटिव्हच येणार. पण प्रतिबंधक गोळी सुरू करण्याआधी चाचणी हवीच, आधीच लागण असेल तर त्रास होऊ शकतो. कोली जातीच्या कुत्र्यांना आयव्हरमेक्टिन स्वतःच्या मनाने तर मुळीच देऊ नका, काहींना जनुकामुळे जास्त डोस मेंदूपर्यंत पोचून बाधतो.

घाईत_आहे
बसमधून टंकतेय, चुका माफ. गोचीडतापाचं कुणी लिहिलं नाही? जंतू वेगळा पण लपाछपी तीच. गोचीड काढून टाकले, विषय संपला वाटलं. कित्येक महिन्यांनी नाकातून रक्त, प्लेटलेट तळाला. मधल्या काळात एकदम धडधाकट! उतरायचंय, बाकी नंतर

खवचट_काका
जेवण झालं. आता खरा प्रश्न: गोळी पोटात घालायची कशी? आमचे महाराज खाऊ खातात आणि गोळी तेवढी सोफ्यामागे थुंकतात.

पिंपळपान
तीन घास एकामागोमाग द्या, गोळी मधल्या घासात. तिसरा दिसला की दुसरा चावत बसत नाहीत.

खवचट_काका
केलं. तिन्ही गिळले, गोळी सोफ्यामागे.

निशाचर
सोफा हलवून बघा काका, मागच्या वर्षीच्या पण सापडतील 😆