गर्भाशयाच्या पिशवीच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशनआधी दुर्बीण घालावी का?

जास्वंदी: अस्तराचा कॅन्सर बायोप्सीत पक्का झाला की पुढचा प्रश्न: कुठवर गेलाय? माझं मत, ऑपरेशनआधी हिस्टेरोस्कोपी, म्हणजे पिशवीत दुर्बीण घालून तपासणी, करावी. एमआरआयमध्ये शेवटी करड्या छटाच वाचायच्या. दुर्बिणीत गाठ डोळ्यांनी दिसते. गर्भाशयमुखाच्या नळीत उतरली असेल तर टप्पा बदलतो, कधीकधी ऑपरेशनही मोठं करावं लागतं.

आडवाटसरू: नळीत काय दिसलं यावर टप्पा ठरतच नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचं, म्हणजे फिगोचं, २००९ चं वर्गीकरण काढून बघा. कॅन्सर मुखाच्या नुसत्या ग्रंथींपर्यंत पोचला असेल तर तो पहिल्याच टप्प्यात राहतो. त्या वर्गीकरणात ग्रंथींखालच्या ऊतीत शिरला तरच दुसरा. दुर्बिणीला दिसतो फक्त पृष्ठभाग. भिंतीचा रंग बघून ओल किती आत मुरलीय ते सांगण्यातला प्रकार आहे हा. पिशवीच्या भिंतीतल्या स्नायूच्या निम्म्याहून जास्त जाडीत गेलाय का, हा खरा प्रश्न. त्यावर दुर्बीण काय बोलणार?

जास्वंदी: खोलीसाठी एमआरआयच, मान्य. पण मुखाशी तोही फसतो. वरून देठावर लोंबणारी गाठ नळीत आली की नळी फुगलेली दिसते आणि रिपोर्टमध्ये ‘मुखात प्रसार’ अशी शंका येते. दुर्बिणीत देठ वरच सापडतो, नळीचं अस्तर स्वच्छ असतं. आणि आंधळ्या क्युरेटिंगचं, म्हणजे न बघता अस्तर खरवडून नमुना घेण्याचं, तर बोलूच नका! वरचे तुकडे नळीतून येतानाच नमुन्यात मिसळतात.

सुपारी: पाण्याचं कोणीच बोलत नाहीये. पिशवी फुगवायला दाबाने सलाइन सोडतात. ते बीजवाहिन्यांतून पोटात जातं, सोबत पेशीही. हिस्टेरोस्कोपीनंतर पोटातल्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी जास्त वेळा सापडतात, हे अभ्यासांत दिसलंय.

जास्वंदी: सापडतात, पण त्यामुळे बायका कमी जगतात असं ठोस दिसलेलं नाही. १९८८ च्या वर्गीकरणात नुसत्या त्या पेशींवरून तिसरा टप्पा लागायचा; २००९ मध्ये तो निकष काढला. दाब कमी ठेवावा, वेळ आटोपशीर.

सुपारी: काढला, पण त्या पेशींची नोंद वेगळी करा असंही सांगितलं. बिनमहत्त्वाच्या असत्या तर नोंद कशाला करायची? ज्या तपासणीने ऑपरेशन बदलणार नाही, तिच्यासाठी एवढाही धोका मी घेणार नाही.

पारिजात: मूल हवं असलेल्या तरुण बायकांचं वेगळं. ग्रेड १, म्हणजे सौम्य प्रकार, स्नायूत शिरकाव नाही, पिशवी वाचवून हार्मोनवर ठेवायचंय, तिथे दुर्बिणीखाली नेमका नमुना घेण्यात अर्थ आहे. बाकी चालू द्या.

आडवाटसरू: त्याला माझाही विरोध नाही. जास्वंदी, एकच सांगा: बायोप्सीत सिरस हा आक्रमक प्रकार आलाय. तरी दुर्बीण घालणार?

जास्वंदी: नाही. तो अस्तराच्या बाहेर लवकर पसरतो, तिथे पाण्याचा दाब मलाही नको वाटतो. स्कॅन करून थेट ऑपरेशन.