मदत हवी आहे: ऐतिहासिक विधानसौध की चित्रांचं म्युझियम? एकच होणार

तिसरं_गेट: शनिवारी आईला घेऊन जाऊलालोय. सकाळी पोचणार, तीनला काम. मधल्या वेळेत विधानसौध की मॉडर्न आर्ट गॅलरी? आत सोडतात काय? पटकन सांगा.

निपाणी_कटिंग: कुठलं विधानसौध ओ? कर्नाटकची विधानभवनं दोन. बेळगावजवळच्या हलग्याचं असेल तर हायवेवरनं दिसतंयच की. 2012 ला उघडलं. डिसेंबरात अधिवेशन असतं, तेव्हा मात्र तिकडं फिरकू नका. नुसते पोलीस.

तिसरं_गेट: बेंगळूरचं हो! हलगा बघायला टिळकवाडीतनं धागा काढीन काय? रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं जातोय.

खानापूरचा_पाऊस: वंदे भारत सोडून राणी चन्नम्मा? वंदे भारत आता बेळगावातनंच सुटते.

तिसरं_गेट: ती पोचेपर्यंत दुपार होते. गाडी विचारलेली नाही.

सीमाभाग५६: ‘ऐतिहासिक’ कशाला म्हणायचं? पायाभरणी नेहरूंनी 1951 ला केली, बांधून पुरं झालं 1956 ला. त्याच साली 1 नोव्हेंबरला आम्हा बेळगावकरांना म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, घातलं. हा इतिहास म्हणत असाल तर आहे बा. जुनी इमारतच बघायची तर समोरची लाल अठरा कचेरी बघा, 1868 ची. आता तिथं हायकोर्ट आहे.

चित्रकला_मास्तर: राजकारण दुसऱ्या धाग्यावर न्या. त्या वेळचे मुख्यमंत्री केंगल हनुमंतय्यांनी ग्रॅनाईटमध्ये केवढं काम उभं केलंय! दर्शनी बाजूचे 12 खांब 40 फूट उंच आहेत. पण ते रस्त्यावरनंही दिसतात. गॅलरी आतच जाऊन बघावी लागते. पॅलेस रोडवर, माणिक्यवेलू मॅन्शनमध्ये. रविवर्मा, जामिनी रॉय, अमृता शेरगिल यांची चित्रं त्यांच्या संग्रहात आहेत. भिंतीवर कुठली असतील ते त्या वेळच्या मांडणीवर. छापील रविवर्मा घरोघरी बघितलेत, खरा रंग जवळनं बघा एकदा.

कॅम्पातली_वहिनी: मास्तर, आधी विचारा तरी. भाऊ, कितवा शनिवार? विधानसौधची सहल 2025 च्या जूनपासून सुरू झाली, पण रविवारी आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारीच असते. 50 रुपये, ऑनलाईन बुकिंग, ओळखपत्र लागतं. आणि आईंना चालवतं का? दीड तास फिरवतात.

तिसरं_गेट: तिसरा शनिवार. आईचे गुडघे दुखतात.

कॅम्पातली_वहिनी: मग विचारायचं काय उरलं? गॅलरी सोमवारी बंद, शनिवारी उघडी. रेल्वे स्टेशनवरनं मेट्रोच्या पर्पल लाईननं तिसरं स्टेशन विधानसौध. बाहेरनं बघा, फोटो काढा, तिथनं रिक्षा. दोन किलोमीटरच्या आसपास आहे.

निपाणी_कटिंग: रिक्षावाला मीटर टाकत नाही तिथं. ॲपवरनं बोलवा.

कोल्हापुरी_पाव्हणा: एवढ्या लांब कशाला? कोल्हापूरला या. टाऊन हॉल 1870 च्या दशकातला, आता त्यातच म्युझियम. जुनी इमारत आणि चित्रं एकाच दारात. वर ब्रह्मपुरीच्या उत्खननातला ब्राँझचा समुद्रदेव, पोसायडन!

तिसरं_गेट: माझं तीनचं काम कोल्हापूरला हलवता काय?

सीमाभाग५६: कोल्हापूरला हलवायचं म्हणूनच तर…

चित्रकला_मास्तर: झालं सुरू.

तिसरं_गेट: वहिनी, गॅलरी ठरली. आईला बसायला बाक असतात काय तिथं?

खानापूरचा_पाऊस: परतीला तरी वंदे भारत घ्या.