उत्तर: जयनगर–जनकपूर रेल्वे, फक्त आधारवर जाता येतं का?

वर कुणीतरी लिहिलंय की नेपाळला व्हिसा लागत नाही, म्हणजे बिहारमधल्या जयनगरहून नेपाळमधल्या जनकपूरला जाणाऱ्या गाडीला नुसतं आधार पुरतं. व्हिसाचं बरोबर, आधारचं नाही. १५ ते ६५ वयातल्या भारतीयाला पासपोर्ट, निवडणूक आयोगाचं मतदार कार्ड किंवा सरकारी कर्मचाऱ्याचं फोटो ओळखपत्र, यांतलं एक लागतं. आधार, पॅन वगैरे चालतात ते १५ च्या आतल्यांना आणि ६५ च्या वरच्यांना, वय आणि ओळख पटवण्यापुरते. सोबत परदेशी मित्र असेल तर बेत बदला. ही सीमापार गाडी फक्त भारतीय आणि नेपाळी नागरिकांसाठी आहे.

वेळेचा घोळ इथे कुणी मांडलेलाच नाही. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे असतं. परतीची वेळ जनकपूरला नेपाळी वेळेत सांगितली आणि तुमच्या हातातलं घड्याळ भारतीय वेळ दाखवत असलं, तर गाडी डोळ्यांदेखत सुटते. मोबाइल कधी भारतीय टॉवर पकडतो, कधी नेपाळी, त्यामुळे त्याच्यावरही विसंबू नका. वेळ विचारताना 'कुठली वेळ?' हे विचाराच.

आणि हो, २०१४ मध्ये बंद पडलेली या मार्गावरची नॅरोगेज (अरुंद रुळांची) रेल्वे आता ब्रॉडगेज (रुंद रुळांची) होऊन २०२२ च्या एप्रिलपासून धावतेय, आणि तिच्या दोन डेमू (डिझेल-इलेक्ट्रिक) गाड्या नेपाळला पुरवल्या त्या आपल्या कोकण रेल्वेने. याचा खरंच अभिमान वाटतो.