अल्जीरिया-मोरोक्को: राजनैतिक संबंध तुटले म्हणजे प्रवासही बंद होतो का?

प्रश्न – वाचनवेडा

अल्जीरियाने २४ ऑगस्ट २०२१ रोजी मोरोक्कोशी राजनैतिक संबंध तोडले आणि त्याच दिवशी दोन्ही देशांमधली सीमा बंद झाली, अशी माझी समजूत होती. परवा मात्र एका लेखात ही सीमा १९९४ पासूनच बंद असल्याचे वाचले आणि गोंधळात पडलो. मग २०२१ मध्ये नेमके काय तुटले? मोरोक्कोतल्या उज्दाच्या माणसाला पलीकडे त्लेमसेनला नातेवाइकांकडे जायचे असेल, तर तो आज कसा जातो? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ – नकाशेवाला

दूतावास, सीमेवरचे नाके, व्हिसा आणि हवाई वाहतूक या चारही गोष्टी आपण 'संबंध' या एकाच शब्दात कोंबतो, म्हणून हा गोंधळ होतो. या दोन देशांनी तर त्या वेगवेगळ्या वेळी उघडल्या आणि मिटल्या आहेत.

मोरोक्को आपला म्हणवतो त्या पश्चिम सहारा प्रदेशाच्या वादात, तिथल्या स्वातंत्र्यवाद्यांनी जाहीर केलेल्या सहरावी प्रजासत्ताकाला अल्जीरियाने मान्यता दिल्यावर १९७६ मध्ये मोरोक्कोने संबंध तोडले, ते १९८८ मध्ये पुन्हा जुळले. ऑगस्ट १९९४ मध्ये माराकेशच्या एका हॉटेलवर सशस्त्र हल्ला झाला, तेव्हा मोरोक्कोने अल्जीरियाच्या गुप्तचर यंत्रणेकडे बोट दाखवून अल्जीरियन नागरिकांना व्हिसा सक्तीचा केला आणि त्यावर अल्जीरियाने जमिनीवरची सीमाच बंद करून टाकली. पुढे व्हिसाची अट मोरोक्कोने २००४ मध्ये आणि अल्जीरियाने २००५ मध्ये उठवली. सीमा मात्र उघडली नाही ती नाहीच. थोडक्यात, तब्बल २७ वर्षे एकमेकांच्या राजधानीत राजदूत होते, विमाने ये-जा करत होती आणि रस्ता तेवढा बंद होता.

२०२१ मध्ये तुटले ते राजदूत आणि दूतावासांच्या पातळीवरचे नाते. वाणिज्य दूतावासांचे कामकाज चालू राहील, असे अल्जीरियाचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री रमतान लमाम्रा यांनी संबंध तोडल्याची घोषणा करतानाच सांगितले होते. राजनैतिक संबंध तोडल्याने वाणिज्यदूतीय संबंध आपोआप तुटत नाहीत, असे १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या दुसऱ्याच कलमात म्हटले आहे. पासपोर्टचे नूतनीकरण किंवा जन्मनोंदणी यांसाठी परदेशातल्या सामान्य माणसाला राजदूताची नव्हे, वाणिज्य दूतावासाचीच गरज पडते.

उत्तर २ – खिडकीची_जागा

प्रवाशांना खरा फटका महिनाभराने बसला. २२ सप्टेंबर २०२१ रोजी अल्जीरियाने मोरोक्कोच्या सर्व नागरी व लष्करी विमानांना आणि मोरोक्कोत नोंदणी झालेल्या प्रत्येक विमानाला आपली हवाई हद्द बंद केली. ही बंदी विमानांवर आहे, माणसांवर नाही. त्यामुळे उज्दाच्या त्या गृहस्थांना ट्युनिस किंवा युरोपातले एखादे शहर गाठून, तिथून दुसरे विमान पकडून अल्जीरियात उतरावे लागते. त्लेमसेन उज्दापासून शंभर किलोमीटरही नाही, पण तिकीट काढायचे ते दोन विमानांचे! त्यातच सप्टेंबर २०२४ मध्ये अल्जीरियाने मोरोक्कन पासपोर्टधारकांना व्हिसा पुन्हा सक्तीचा केला.

या बंदीचा हिसका फुटबॉललाही बसला. जानेवारी २०२३ मध्ये अल्जीरियातल्या आफ्रिकी स्पर्धेसाठी मोरोक्कोच्या संघाला आपल्या राष्ट्रीय कंपनीच्या विमानाने राबातहून थेट कॉन्स्टंटाइनला जायचे होते. परवानगी मिळाली नाही आणि आधीच्या दोन्ही स्पर्धा जिंकलेला हा संघ खेळायला गेलाच नाही.

उत्तर ३ – सावकाश

वरील दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, पण सीमा 'बंद' आहे म्हणजे तिथे अगदी चिटपाखरूही फिरकत नाही, असे समजू नये. उज्दाजवळच्या नाक्याला झूज ब्घाल, म्हणजे 'दोन खेचरे', असे नाव आहे. गाझाला मदत घेऊन निघालेल्या वाहनांच्या ताफ्यासाठी तो फेब्रुवारी २००९ मध्ये उघडला होता. सप्टेंबर २०२३ च्या भूकंपानंतर मोरोक्कोला मदत नेणाऱ्या विमानांसाठी अल्जीरियाने हवाई हद्दही खुली करण्याची तयारी दाखवली होती. मनात आले की अडसर निघतो, असेच यावरून दिसते.

भूमध्य समुद्राजवळ, मोरोक्कोचे सैदिया आणि अल्जीरियाचे मार्सा बेन म्हिदी यांच्या परिसरात, दोन्ही देशांचे रस्ते एका अरुंद घळीच्या दोन काठांनी समोरासमोर धावतात. मधून किस नावाचा ओढा वाहतो आणि तीच सीमा. लोक गाड्या कडेला लावून उतरतात, कठड्याशी उभे राहून पलीकडच्यांना हात हलवतात, हाका मारून ख्यालीखुशाली विचारतात. माणूस ओळखू येईल इतके अंतर कमी, पण ओलांडायची सोय नाही.

जाता जाता आणखी एक गोष्ट: २० वर्षे अल्जीरियाचे अध्यक्ष राहिलेले अब्देलअझीझ बुतेफ्लिका यांचा जन्म सीमेच्या अलीकडचा, उज्दाचा.

वाचनवेडा

तिघांचेही आभार. घळीच्या काठावर उभे राहून हाका मारणाऱ्यांपैकी कितीजणांची घरे १९९४ पूर्वी दोन्ही बाजूंना होती, याबद्दल कोणी लिहिल्यास वाचायला आवडेल.